एक षष्ठांश फेरा

२००४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. पीएच.डी.च्या कामासाठी जांभ्या दगडाचे नमुने गोळा करायला मी कोकणात निघालो होतो. वाहन होते आमच्या विभागाची जुनी जीप. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, म्हणजे ज्याला आपण ‘फोर व्हील ड्राइव्ह’ म्हणतो तशी. निघण्याच्या आठवडाभर आधी पुढच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली म्हणून एका गॅरेजमध्ये त्या चाकाची दोन्ही बेअरिंगे नवी घातली होती. गाडी ताब्यात देताना तिथल्या माणसाने अभिमानाने सांगितले, “आता वर्षभर बघायला नको. एकदम घट्ट केलंय.”

वरंधा घाट उतरून खाली आलो आणि जळक्या ग्रीसचा वास येऊ लागला. चालक काकांनी गाडी सावलीत घेतली. डाव्या चाकाच्या मध्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, ते चुर्र करून उडून गेले. घाटात ब्रेक तापतातच, तेव्हा पहिला संशय ब्रेकवर गेला. पण उजव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवता येत होता. ब्रेक दोन्ही बाजूंचे सारखेच दाबले गेले होते. मग एकच बाजू एवढी का तापली?

रखडत महाडला पोचलो. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी चाक उतरवले. नव्या बेअरिंगचे पोलाद निळसर-काळे पडले होते आणि आतल्या रोलरांची टोके ओरखडली होती. त्यांनी दुसरी बेअरिंगे बसवली, मोठा नट चांगला जोर लावून आवळला, आणि मग मला न समजणारी एक गोष्ट केली. आवळलेला नट त्यांनी थोडा उलटा फिरवला, षट्कोनी नटाच्या बरोबर एका बाजूएवढा.

“ढिला का केलात?” मी विचारले.

“साहेब, आवळला तो बसण्यासाठी. सोडला तो फिरण्यासाठी.”

षट्कोनाची एक बाजू म्हणजे ६० अंश, पूर्ण फेऱ्याचा सहावा भाग. पुढे विलिस जीपचे छापील दुरुस्ती-पुस्तक हाती आले, त्यातही हेच सांगितलेले होते : चाक अडेपर्यंत नट आवळा आणि मग सुमारे १/६ फेरा मागे घ्या. मिस्त्रींनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. मी भौतिकशास्त्राची पुस्तके वाचली होती, पण हा सहावा भाग कुठून येतो ते मला सांगता आले नसते. या लेखात तेच समजून घेऊ. त्यासाठी लागणारे सारे विज्ञान आठवी ते अकरावीच्या पुस्तकांत आहे.

चाक कशावर फिरते?

जीपच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक पोकळ, जाड ओतीव भाग असतो, तो हब. हब एका स्थिर दांड्यावर फिरतो, त्याला स्पिंडल म्हणतात. दोहोंच्या मध्ये दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. ही बेअरिंगे सायकलीसारखी गोळ्यांची नसतात. त्यांत निमुळते रोलर असतात, एका टोकाला किंचित जाड आणि दुसऱ्या टोकाला किंचित बारीक. मेकॅनिक त्यांना ‘टेपर बेअरिंग’ म्हणतात.

निमुळते का? सरळ दंडगोलाकार रोलर वरून येणारे वजन उत्तम पेलतो. पण वळणावर गाडी चाकाला बाजूने ढकलते, आणि हा बाजूचा जोर त्याला पेलता येत नाही. घोडागाड्यांच्या काळातही ही अडचण होतीच. अमेरिकेत सेंट लुईस येथे गाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांना १८९८ साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले. वजन आणि बाजूचा जोर असे दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावे, ही त्यामागची कल्पना. सव्वाशे वर्षांत पोलाद सुधारले, ग्रीस सुधारले, पण आकार मूलतः तोच राहिला.

या आकारात एक सुंदर भूमिती आहे. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरून जागेवर येतो. पेल्याच्या तिरप्या बाजू मनाने वाढवल्या तर त्या ज्या बिंदूत मिळतील, त्या बिंदूभोवती तो फिरतो. पेल्याचे मोठे तोंड मोठ्या वर्तुळावरून धावते, लहान बूड लहान वर्तुळावरून. दोघेही आपापले अंतर एकाच वेळात कापतात, म्हणून कोणीच घसरत नाही.

टेपर बेअरिंगमध्ये हीच युक्ती आहे. आतली कडी, बाहेरची कडी आणि रोलर हे तिन्ही शंकूचे तुकडे आहेत आणि या सर्व शंकूंची टोके चाकाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर आपल्या पूर्ण लांबीवर न घसरता लोळतो. फक्त एका जागी घसरण टळत नाही. तिरप्या पृष्ठभागांमध्ये दाबला गेलेला रोलर जाड टोकाकडे सरकू पाहतो, जसे ओल्या बोटांत दाबलेले चिंचोक्याचे बी निसटते. त्याला अडवण्यासाठी आतल्या कडीला एक कठडा असतो. रोलरचे जाड टोक या कठड्यावर घासत राहते आणि मधे असतो तो ग्रीसचा पातळ थर. आमच्या जीपमध्ये ओरखडे पडले होते ते नेमके इथेच.

हबमधील दोन बेअरिंगे एकमेकांकडे बारीक टोक करून बसवलेली असतात. त्यामुळे एक बेअरिंग आत ढकलणारा जोर घेते आणि दुसरे बाहेर ओढणारा. बाहेरच्या कड्या हबमध्ये ठोकून पक्क्या बसवलेल्या असतात. आतल्या कड्या मात्र स्पिंडलवर सरकू शकतात. बाहेरच्या बेअरिंगची आतली कडी कुठपर्यंत सरकेल, हे ठरवतो स्पिंडलवरचा नट. तो आवळला की दोन्ही बेअरिंगांमधील फट एकदमच कमी होते. तेव्हा सगळा प्रश्न एका नटाच्या जागेचा आहे.

पुढच्या चाकांना ड्राइव्ह असला की

ज्या गाडीची पुढची चाके नुसतीच फिरतात, त्यांना इंजिनाची ताकद मिळत नाही, तिथे स्पिंडल भरीव असतो. त्याच्या टोकाला खाचांचा नट घालतात आणि आरपार एक दुमडती पिन. पिन घातली की नट फिरत नाही.

फोर व्हील ड्राइव्हमध्ये ही सोय राहत नाही. चाकाला फिरवणारा ॲक्सल शाफ्ट स्पिंडलच्या आतून बाहेर येतो, म्हणजे स्पिंडल पोकळ नळीसारखा असावा लागतो. शाफ्टचे टोक बाहेर एका चकतीला जोडलेले असते आणि ती चकती, म्हणजे ड्राइव्ह फ्लँज, बोल्टांनी हबला बांधलेली असते. थोडक्यात, स्पिंडल वजन पेलतो आणि आतला शाफ्ट फक्त पीळ पोचवतो. दोघांची कामे वेगळी. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहते.

पण या व्यवस्थेत नळीतून आरपार पिन घालता येत नाही, कारण आत शाफ्ट फिरत असतो. म्हणून इथे दोन पातळ आणि मोठे नट असतात. आतला नट फट ठरवतो, बाहेरचा त्याला जखडतो. दोघांच्या मध्ये एक वॉशर असतो. वॉशरला आतल्या बाजूने एक जीभ असते आणि ती स्पिंडलवरच्या खाचेत बसते. बाहेरचा नट आवळताना वॉशर फिरू शकत नाही, म्हणून आतला नटही आपल्याबरोबर ओढला जात नाही. शेवटी वॉशरची कड नटावर दुमडून टाकतात.

हे नट सुमारे दोन इंच मापाचे, आणि हबच्या खोल तोंडात दडलेले. त्यांना खास बॉक्स पाना लागतो. तो पुष्कळ ठिकाणी नसतो. मग काय होते? नटाच्या कोपऱ्यावर छिन्नी ठेवून हातोडीने ठोके घालतात. छिन्नीने नट फिरतो हे खरे, पण किती फिरला ते कळत नाही, आणि किती जोर लागला तेही कळत नाही. शिवाय पोलादाचे कण ग्रीसमध्ये पडतात ते वेगळेच.

‘घट्ट’ म्हणजे किती?

“एकदम घट्ट केलंय” या वाक्याचे आकड्यांत रूपांतर करून पाहू.

समजा अर्धा मीटर लांबीचा पाना आहे आणि टोकाला माणसाने २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाएवढा जोर लावला. नटावरचे आघूर्ण झाले १०० न्यूटन-मीटर. आघूर्णातून नटाचा दाब काढण्यासाठी अभियंते एक सोपे सूत्र वापरतात : दाब = आघूर्ण ÷ (०.२ × आट्यांचा व्यास). इथे ०.२ हा आट्यांमधील आणि नटाखालच्या घर्षणाचा ढोबळ अंक आहे. आट्यांचा व्यास ३५ मिलिमीटर धरला तर दाब येतो १४,००० न्यूटनांहून थोडा अधिक, म्हणजे जवळजवळ दीड टन वजनाएवढा!

मोकळी जीप भरते साधारण एक टन, आणि पुढच्या एका चाकावर येतो त्याचा पाव हिस्सा. म्हणजे गाडी जागची हललीसुद्धा नाही, तोच आपण बेअरिंगवर अख्ख्या जीपहून अधिक भार कायमचा लादून ठेवला. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या १०/३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होत नाही, सुमारे एक दशांश होते. आमचे बेअरिंग एका आठवड्यात का गेले, हे आता ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट पाहा. सूत्रातील ०.२ हा अंक आटे कोरडे की ग्रीस लावलेले, गंजलेले की स्वच्छ, यावर बराच बदलतो. हाताला तोच जोर जाणवला तरी दाब दीडपट असू शकतो. म्हणजे घट्टपणा हे या कामात विश्वासाचे माप नाही.

आट्यांचे मात्र तसे नसते. नट एक फेरा फिरला की दोन आट्यांमधील अंतराएवढा सरकतो, घर्षण कितीही असो. प्रयोगशाळेतील स्क्रू गेज याच तत्त्वावर चालते. एका इंचात १६ आटे असतील तर एका फेऱ्यात नट १.५९ मिलिमीटर सरकतो आणि १/६ फेऱ्यात सुमारे ०.२६ मिलिमीटर. मिस्त्रींच्या हातात जो पाना होता तो त्या क्षणी मोजण्याचे उपकरण झाला होता. नटाच्या सहा बाजू ही त्याची मोजपट्टी.

मग आवळायचे तरी कशाला? शून्य ठरवण्यासाठी. स्क्रू गेज वापरताना आपण आधी जबडे मिटवून शून्य पाहतो. इथे जबडे मिटवण्याचे काम जोर लावून करावे लागते, कारण कड्या आणि रोलर आपापल्या जागी नीट टेकायला हवेत आणि मधले जादा ग्रीस बाहेर पडायला हवे. आवळताना चाक सतत फिरवत राहायचे, तेही याचसाठी. फिरल्याशिवाय रोलर कठड्याला टेकत नाहीत आणि मिळालेले शून्य खोटे ठरते. खोट्या शून्यावरून १/६ फेरा मागे घेतला तर थोड्याच दिवसांत चाक डुगडुगू लागते.

जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकांच्या पुस्तकांतही आकडे थोडे निराळे पण पद्धत हीच आढळते. चाक फिरवत आतला नट ५० फूट-पाउंडापर्यंत आवळा, मग पाव फेरा मागे घ्या, मग वॉशर आणि बाहेरचा नट. शेवटी चाक आत-बाहेर ओढून पाहिले तर हालचाल इंचाच्या हजाराव्या भागापासून काही हजारांश इंचांपर्यंतच असावी. हजारावा इंच म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी.

फट कशासाठी?

आता मुख्य प्रश्न. फट शून्यच ठेवली तर काय बिघडते? त्याचे उत्तर उष्णतेत आहे.

गाडी चालू लागली की बेअरिंग थोडे तापतेच. बाहेरची कडी हबमध्ये असते आणि हब वाऱ्यात फिरत असतो, त्यामुळे तिची उष्णता लवकर निघून जाते. आतल्या कडीला तशी वाट नसते. म्हणून ती अधिक तापते. समजा दोघींच्या तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला. आतल्या कडीची त्रिज्या २० मिलिमीटर धरू. पोलादाची एक मिलिमीटर लांबी दर अंशाला ०.००००१२ मिलिमीटर वाढते. तेव्हा

२० × ०.००००१२ × ३० = ०.००७२ मिलिमीटर.

कडी त्रिज्येत एवढी फुगली. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण बाहेरच्या कडीचा उतार पाचरीसारखा आहे. उताराचा कोन १४ अंश असेल तर त्याची टॅन किंमत ०.२५, म्हणजे त्रिज्येतली वाढ मध्यरेषेच्या दिशेने चौपट होऊन दिसते : सुमारे ०.०२९ मिलिमीटर. बेअरिंगे दोन, म्हणून ०.०५८. आता स्पिंडलही लांबीने वाढतो आणि त्याने फट थोडी वाढते. दोन बेअरिंगांमधील ४० मिलिमीटर लांबीसाठी ही वाढ ०.०१४ येते. ती वजा केली तरी ०.०४ मिलिमीटरांहून अधिक फट नाहीशी झाली.

मुळात फट असेल तर ती या वाढीला जागा देते. नसेल तर कड्या रोलरांना चिरडू लागतात. दाब वाढला की घर्षण वाढते, घर्षण वाढले की उष्णता वाढते, उष्णतेने आतली कडी आणखी फुगते. हे चक्र एकदा सुरू झाले की ग्रीस पातळ होऊन वाहून जाईपर्यंत आणि कठड्यावर पोलादाला पोलाद घासेपर्यंत थांबत नाही. पोलाद निळे पडते ते याच वेळी. अशा स्थितीत गाडी रेटत राहिले तर बेअरिंग जाम होते, आतली कडी स्पिंडलला चिकटून त्याला कुरतडते, आणि चाकच निखळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

इथे एक सावधगिरीची सूचना. उष्णता नेहमी एकाच बाजूने काम करते असे नाही. लांब उतारावर ब्रेक ड्रम तापतो आणि त्याची उष्णता हबमध्ये शिरते. तेव्हा हब फुगून फट उलट वाढते. पुस्तकातला १/६ हा आकडा असा दोन्हीकडचा विचार आणि अनुभव मिळून ठरलेला आहे. माझे वरचे गणित तो आकडा सिद्ध करीत नाही, फक्त तो कोणत्या मापाचा असावा हे सांगते. ‘टेपर बेअरिंग म्हटले की फट हवीच’ असाही नियम करू नये. डिफरन्शियलच्या पिनियनवर अशीच बेअरिंगे मुद्दाम थोड्या दाबाखाली ठेवतात, कारण तिथे दाते एकमेकांत अचूक बसणे अधिक महत्त्वाचे असते. आजच्या बहुतेक मोटारींत तर चाकाचे बेअरिंग एकसंध बंद डबीसारखे येते आणि ही सारी जुळणी कारखान्यातच झालेली असते.

सैल राहिले तर?

घट्टपणाचे एवढे वाईट सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग सैलच बरे. तेही नाही. फट जास्त झाली की चाकाचा भार सगळ्या रोलरांवर न वाटला जाता खालच्या मोजक्या रोलरांवर येतो. खड्ड्यात प्रत्येक वेळी हातोडा बसावा तसा ठोका बसतो. हब डुलू लागतो, त्याबरोबर ऑइल सीलची कड झिजते, आणि ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. सुकाणू थरथरते, टायर वेडावाकडा झिजतो. फरक एवढाच की सैल चाक आवाज करून आधी सांगते, आणि अतिघट्ट चाक सुरुवातीला अगदी गुळगुळीत, छान वाटते.

डुगडुग नेमकी कशाची?

चाक जमिनीपासून उचलून वर आणि खाली धरून हलवले की मोकळीक हाताला जाणवते. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. पण जीपच्या पुढच्या चाकाला आणखी एक सांधा असतो, ज्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळते, तो किंग पिनचा. तो झिजला तरी चाक असेच हलते. मग दोष कोणाचा?

यासाठी जुने मेकॅनिक एक साधा प्रयोग करतात. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगतात आणि पुन्हा चाक हलवतात. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम आणि स्थिर पाट एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे बेअरिंगची मोकळीक झाकली जाते. डुगडुग थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही चाक हलत असेल तर दोष किंग पिनचा. दोन शक्य कारणांपैकी एक मुद्दाम बंद करायचे आणि काय उरते ते पाहायचे, ही पद्धत आपण प्रयोगशाळेत शिकवतो तीच.

प्रत्यक्ष काम

शाळेच्या किंवा शेतावरच्या जुन्या जीपचे हे काम पाहण्याची संधी मिळाली तर पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१. जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. जॅकने उचलल्यावर ॲक्सलखाली घोडी लावल्याशिवाय चाकाला हात लावू नये. नुसत्या जॅकवरची गाडी घसरते.

२. ब्रेकचे शू ड्रमला घासत नाहीत ना ते पाहावे, घासत असतील तर सैल करावेत. नाहीतर ब्रेकचे घासणे बेअरिंगचे समजून आपण फसतो. ब्रेकमधील धूळ फुंकर मारून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

३. हबचे टोपण आणि ड्राइव्ह फ्लँज काढून वॉशरची दुमडलेली कड सरळ करावी. बाहेरचा नट, वॉशर आणि आतला नट या क्रमाने काढावे.

४. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन वाळवावे. पंपाच्या हवेने गरगर फिरवून गंमत पाहू नये. तुटलेला रोलर गोळीसारखा उडतो. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मध्ये दाबून भरावे. जुन्या ग्रीसवर नवे वेगळे ग्रीस थापू नये. ऑइल सील नवे घालावे.

५. चाक फिरवीत आतला नट चाक अडेपर्यंत आवळावा. मग १/६ फेरा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. तरीही अडत असेल तर किंचित आणखी सोडावा.

६. वॉशर घालून बाहेरचा नट आवळावा आणि पुन्हा तपासावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आट्यांमध्ये नेहमीच थोडी मोकळीक असते. बाहेरचा नट आतल्या नटाला तेवढे आत रेटतो आणि आपण ठेवलेल्या फटीतला काही भाग खाऊन टाकतो. म्हणून खरी फट तीच, जी दोन्ही नट आवळल्यानंतर उरते. डायल गेज असेल तर ते हबवर बसवून चाक आत-बाहेर ओढावे आणि आकडा वाचावा. फट बरोबर नसेल तर बाहेरचा नट सोडून आतला पुन्हा जुळवावा. दोन-तीनदा करावे लागले तर कंटाळू नये. मगच वॉशरची कड दुमडावी.

७. सगळे जोडून, ब्रेक जुळवून दहा-पंधरा किलोमीटर फिरून यावे. हाताची मागची बाजू हबजवळ नेऊन डावे-उजवे ताडून पाहावे. कोमट असणे ठीक. एक बाजू हात लावू देत नसेल तर पुन्हा उघडावे.

वर्गात करून पाहा

जीप हवीच असे नाही. दहा मिलिमीटर व्यासाचा साधा बोल्ट आणि त्याचा नट घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या या मापाच्या नेहमीच्या बोल्टचे आटे १.५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे नटाची एक बाजू फिरली की तो ०.२५ मिलिमीटर सरकतो, जीपच्या नटाच्या अगदी जवळपास. बोल्टवर दोन वॉशर घालून नट बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग एक बाजू मागे घ्या आणि दोन वॉशरांच्या मध्ये वहीच्या कागदाच्या पट्ट्या सारून पाहा. किती मावतात? पंचवीस-पन्नास कागदांची जाडी मोजून एका कागदाची काढा आणि उत्तर जुळते का ते तपासा. जुळले नाही तर आट्यांमधील मोकळीक आठवा. नट बोल्टवर न फिरवता नुसता आत-बाहेर हलवला तर ती हाताला कळेल.

मग विद्यार्थ्यांना विचारा : आगगाडीच्या रुळांत फट ठेवतात, पुलाच्या टोकाला ठेवतात, हे पुस्तकात आहे. आपल्या गावात आणखी कुठे कुठे मुद्दाम फट ठेवलेली दिसते? ती कोण ठेवतो, आणि किती ठेवायची हे तो कशाने मोजतो? सुतार, लोहार, गिरणीवाला, सायकलवाला यांच्याकडे जाऊन मुलांनी विचारावे. उत्तरे ‘बोटभर’, ‘कागदभर’, ‘अर्धा आटा’ अशा मापांत मिळतील. त्यांचे मिलिमीटर करणे हा गृहपाठ.

महाडच्या त्या मिस्त्रींनी बसवलेली बेअरिंगे माझे नमुने गोळा करण्याचे काम पुरे होईपर्यंत टिकली. मधल्या काळात दोनदा चाक उघडून ग्रीस बदलले. दोन्ही वेळा नट मी स्वतः जुळवला, आणि दोन्ही वेळा षट्कोनाची एक बाजू मोजून मागे घेतली.